सातवा मणका

जागृती पायाळू होती. म्हणजे आईच्या पोटातून तिचं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. यात तिचं कर्तृत्व काय? पण दांडी गावात तिच्या डाव्या पायाला जो मान होता तो सरपंचालाही नव्हता. कुणाची कंबर धरली, कुणाच्या पाठीत उसण भरली, जाळं ओढून कुणाची मान आखडली, की रविवारी सकाळी बोलावणं आलंच. दुखणेकऱ्यानं पालथं झोपायचं. पायाळूनं तोंडात पाण्याचा थेंब न घेता, एक शब्द न बोलता, डावा पाय दुखऱ्या जागी तीनदा दाबायचा आणि मागं न बघता निघून जायचं. सहा वर्षांची असल्यापासून ती हे करत होती. तेव्हा तर मजाच वाटायची, एवढे मोठे बाप्ये तिच्यापुढं आडवे!

आता ती सव्वीसची होती आणि बोईसरला एका एक्स-रे सेंटरवर टेक्निशियन होती. सोमवार ते शनिवार लोकांची हाडं बघायची, रविवारी लोकांच्या हाडांवर पाय द्यायचा. सेंटरवर हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. गावातली कॉलेजची पोरं कधी चिडवायची, "ताई, तुझा खरंच विश्वास हाय काय गो यावर?" तर ती फणकारायची, "म्हातारीला बरं वाटतं ना? मंग तुझ्या पोटात का दुखतंय? पोटावर देऊ काय पाय?"

त्या रविवारी पालथा झोपणार होता तिचा सख्खा काका, कमलाकांत.

बाप गेला तेव्हा जागृती चौथीत होती. त्यानंतर शाळेच्या दाखल्यापासून पालघरच्या कोर्सच्या ॲडमिशनपर्यंत सगळीकडं काकाच पुढं. तीस वर्षं बोट चालवलेला माणूस. खांदे असे, की त्याच्या मापाचा शर्ट बाजारात मिळायचा नाही, शिवूनच घ्यावा लागायचा. गुरुवारी दुपारी बोट लागली, बर्फाची पेटी उचलून तो वळला, फळीवरच्या मासळीच्या पाण्यावरून पाय सटकला आणि डोक्यावर गेला तो थेट मासळीच्या खणात. हनुवटी छातीत रुतली. वरच्यांनी ओढून काढला तर हा हसतोय. म्हणे, "पापलेटं मोजायला गेलो होतो."

संध्याकाळपर्यंत मान लाकडासारखी झाली. मग त्याचा पोरगा मेहुल त्याला मोटरसायकलवर मागं बसवून सेंटरवर घेऊन आला. त्या रस्त्यानं! तारापूरपासून बोईसरपर्यंत कंपन्यांच्या ट्रकांनी जो रस्ता चाळलाय, त्यावरून मान मोडलेला माणूस मोटरसायकलवर. पण मान मोडलीय हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

गुरुवारी सेंटरवर गर्दी होती. जागृतीनं काकाला कडेनं उभं केलं, बाजूनं फोटो घेतला. स्क्रीनवर बघितलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाव्याच्या खाली सगळं पांढरं. काकाचे खांदे आडवे आले होते. मानेत मणके सात असतात, आणि फोटोत सातही दिसायला पाहिजेत, सातव्याच्या खालच्याचा माथासुद्धा. हे कोर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. एवढंच नाही, परीक्षेला विचारतात.

"काका, खांदे खाली सोड. अजून. हात खाली ताण."

"ताणतोय ना पोरी."

तिनं मागून जाऊन त्याचे दोन्ही हात धरले आणि हळूच खाली ओढले. काका ओरडला. "आयव!" असा ओरडला, की बाहेर बाकड्यावर बसलेल्या बायका आत डोकावल्या. हाताच्या तळव्यातून गळ आरपार गेलेला असताना ज्यानं दातानं दोरी कापली, तो माणूस ओरडला. जागृतीचे हात आपोआप सुटले.

"ऱ्हाव दे ना ताई," मेहुल म्हणाला. "किती ताणशील? चालतोय, बोलतोय. लचकच हाय."

दुसरे रस्ते होते. एक हात डोक्यावर घेऊन काखेतून फोटो काढता येतो. किंवा सरळ सांगायचं, फोटो अपुरा आहे, सीटी स्कॅन करा, तोवर मान हलवू नका. तिनं यातलं काही केलं नाही. बाहेर चौदा माणसं होती आणि काकाच्या डोळ्यात पाणी होतं. चालत आलाय की, असं ती मनात म्हणाली आणि फोटो पुढं पाठवला.

रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरनं लिहिलं: सहाव्या मणक्यापर्यंत दिसणाऱ्या भागात फ्रॅक्चर नाही. गावाजवळच्या डॉक्टरनं त्यातलं शेवटचं तेवढं वाचलं. फ्रॅक्चर नाही. गोळ्या दिल्या, मलम दिलं. आणि हिरा काकीनं गावभर सांगितलं, "आमच्या जागूनंच फोटो काढला. हाडाला काय झालं नाय. आता रविवारी पाय दिला की झालं."

रविवारी सात वाजता जागृती उपाशीपोटी काकाच्या घरी पोचली. ओट्यावर आठ-दहा माणसं जमलेली. काकाला बघायला आलेली, आणि थोडी तमाशा बघायलाही. शेजारचा कृष्णकांत आजा सगळ्यात पुढं, विडी ओढत.

"आली गो आली, आमची बिनफीची डॉक्टरीण. कमलाकांत, ऊठ! पालथा हो, लाथ खा!"

लोक हसले. आत खाटेवर पडलेला काकाही हसला आणि उठायला लागला.

आणि जागृतीनं ते पाहिलं.

काकानं उठताना उजवा हात डोक्यामागं नेला, मूठभर केस धरले आणि स्वतःचं डोकं स्वतःच्या हातानं उचललं. कलिंगड उचलावं तसं. बसला तरी हात सोडला नाही. मग डावा हात हनुवटीखाली लावला आणि तसाच बसून राहिला, डोकं दोन्ही हातांत धरून.

लचकलेला माणूस मान वाकडी धरतो. डोकं हातात धरून बसत नाही. डोकं तेव्हाच धरावं लागतं जेव्हा खालचं हाड ते धरत नसतं. आणि हे अंगाला कळतं, माणसाला कळायच्या आधी.

बोलायचं नव्हतं. पायाळू बोलली की गुण जातो. पण ती बोलली.

"काका, असं कधीपासून उठतोस?"

"अगो, बोलू नको!" काकी आतून ओरडली.

"काका, कधीपासून?"

"परवापासून. का गो? असं बरं वाटतं."

"हाताला मुंग्या येतात?"

"मधलं बोट झोपलंय डाव्या हाताचं." काका हसायला गेला. "काल चहाचा कप पडला. काकीनं शिव्या घातल्या."

"मेहुल, फिल्म आण."

मेहुलनं गादीखालून पाकीट काढलं. जागृतीनं फिल्म दारातल्या उजेडाला धरली. आता तिला कुणी घाई करत नव्हतं. बाहेर चौदा माणसं नव्हती, होती ती दहा जणं गप्प झाली होती. तिनं बोट ठेवून मोजलं. सहा. मग मणक्यांच्या पुढच्या कडेनं वरून खाली नजर नेली, अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांच्या दोरीवरून न्यावी तशी. पाचव्यापर्यंत रेघ ठीक. सहावा किंचित पुढं ओणवा. गुरुवारी वाटलं होतं, काका वाकला असेल. आणि त्याच्यापुढं, गळ्याच्या बाजूला, जिथं मांसाची सावली बोटाएवढी बारीक असायला पाहिजे, तिथं ती फुगलेली. आत रक्त साचलं की फुगते तशी. हे सगळं गुरुवारीही त्याच फिल्मवर होतं. फिल्म काही चार दिवसांत बदलली नव्हती.

"काका, आडवा हो. नाय, पालथा नाय. उताणा. थांब, तू काय करू नको, मी धरते."

तिनं त्याच्या डोक्यामागं दोन्ही हात घातले, कानाच्या दोन्ही बाजूंनी, आणि मेहुलला पाठ धरायला लावून त्याला हळूहळू खाटेवर टेकवलं. मग तशीच डोकं धरून उभी राहिली.

"पाय कधी देणार?" कृष्णकांत आजानं विचारलं.

"देणार नाय."

"म्हंजे?"

"मान मोडलीय काकाची. पाय दिला तर जागेवर लुळा पडेल. नायतर मरेल."

सगळे एकदम बोलायला लागले. काकी बाहेर आली, हाताला तांदळाचं पीठ तसंच.

"काय वंगाळ बोलतेस गो सकाळीसकाळी? तूच तर फोटो काढलास! फोटोत काय नाय म्हणालीस!"

"मोठी शिकलेली झाली," आजा म्हणाला. "आता लाज वाटते पाय द्यायला. तसं सांग ना सरळ. माझी कंबर हिनंच बरी केली, ती काय सीटी-बिटी करून?"

जागृतीचं डोकं सटकलं. "आजा, तुझी कंबर आपोआप बरी झाली असती! तिथं हाड होतं जाग्यावर! इथं नाय! कळतं काय काय बोलतोस ते?"

"फोटोत हाय ना हाड?"

आता हा खरा प्रश्न होता. फोटो तिचा, शब्द तिचा, आणि गावाचा विश्वास होता तो त्या शब्दावरच. पायावर नव्हताच म्हणा फारसा. हाड मोडलेलं नाही असं जागूनं सांगितलं होतं, म्हणून तर पायाला बोलावलं होतं. तो शब्द तिनंच मोडल्याशिवाय इथलं एक माणूस हलणार नव्हतं.

"फोटो चुकलाय," ती म्हणाली. "मानेत सात मणके असतात. मी सहाचा काढला. सातवा काकाच्या खांद्यामागं राहिला. मोडलंय ते तिथं. चूक माझी हाय. डॉक्टरची नाय, मशीनची नाय. माझी. आता शिव्या नंतर घाला, आधी फळी आणा."

काकी तिच्याकडं बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मेहुल, काय बघतोस? एकशे आठला फोन कर. आणि बोटीवरची लांब फळी आण. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत वाळू भरून आण, ओली नको, सुकी. पळ!"

गाडी यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती गुडघ्यावर बसून काकाचं डोकं धरून होती. दंड थरथरायला लागले. मुंग्या आल्या. आजानं दोनदा म्हटलं, "दे, मी धरतो," पण तिनं दिलं नाही. काका उताणा, छपराकडं बघत. मधेच म्हणाला, "जागू, शिंक येतेय."

"दाब."

"शिंक कशी दाबायची गो?"

"जीभ टाळूला लाव. काका, हसू नको, तुला आईची शप्पथ हाय."

शिंक आली नाही. दोघंही घामानं भिजली होती.

गाडी आली, पण त्यातला कडक पट्टा काकाच्या मानेला पुरेना. पूर्ण गुंडाळून चार बोटं उघडी राहिली. मग काकाला अलगद फळीवर घेऊन वाळूच्या पिशव्याच दोन्ही कानांना लावल्या आणि कपाळावरून चिकटपट्टी फळीला गुंडाळली. राहिलं उचलणं. गाडीसोबतची माणसं दोन. जागृती म्हणाली, "सहा जण पाहिजेत. सगळ्यांनी एका दमात उचलायचं. कुणी मागं राहिलं, कुणी पुढं गेलं, तर चालणार नाय."

हे दांडीच्या माणसांना शिकवायला लागत नाही. भरती चुकलेली बोट वाळूवरून ढकलायची तर एका दमातच ढकलावी लागते, नाहीतर ती कलंडते. कृष्णकांत आजा विडी टाकून पुढं आला. वय सत्तर, पण बोट ढकलताना आवाज अजून त्याचाच चालतो.

"माझ्या आवाजावर," तो म्हणाला. "पोरीचा हात हलला नाय पायजे. घ्या. होऽऽ... हाय!"

फळी उचलली गेली. पाण्यावर उचलली जावी तशी, सरळ. जागृती डोकं धरून बाजूनं चालत राहिली, ओट्याच्या दोन पायऱ्या उतरली, गाडीत चढली. हात हलला नाही.

पालघरला सीटी झाला. मशीनच्या काचेमागं डॉक्टर मॅडम बसल्या होत्या, चष्मा कपाळावर. जागृतीनं सांगितलं की ती टेक्निशियन आहे, तेव्हा तिला आत घेतलं. स्क्रीनवर काकाची मान कडेनं कापल्यासारखी उघडली, बारीक बारीक चकत्यांत. आता सगळे सात दिसत होते, आणि खालचेही.

मॅडमनी पेन उचलून स्क्रीनला लावलं.

"हा सहावा. हा सातवा. दिसतंय?"

दिसत होतं. सहावा सातव्यावरून पुढं घसरला होता, अर्ध्यापर्यंत. भरलेल्या क्रेटवरचा क्रेट सरकून कडेवर लोंबकळावा तसा.

"मागं ही दोन टोकं असतात, डावी-उजवी. कौलं कशी एकावर एक बसतात, तशी बसलेली. त्यांच्यामुळंच मान पुढं घसरत नाही. इथं दोन्हीकडची निसटलीत, आणि डावीकडचं तुटलंय. मधली चकती फाटली असणार. याला धरून ठेवणारं काही शिल्लक नाही." त्यांनी मान वळवली. "पेशंटचे पाय हलतात?"

"हलतात."

"चार दिवस झाले म्हणता. चालत होता?"

"मोटरसायकलवर बसून आला होता."

मणक्यांच्या मागून जी करड्या रंगाची दोरी जात होती, मॅडमनी तिच्यावर पेन नेलं. घसरलेल्या जागी दोरी वाकली होती, चेपली होती, पण तुटली नव्हती. पेनाची रेघ जाईल एवढी जागा उरली होती.

"पहिला एक्स-रे कुणी काढला?"

"मी."

मॅडमनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडं नीट पाहिलं. जागृतीला वाटलं, आता ओरडणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी सातवा दिसत नसेल तर पेशंटला सोडू नका." आणि फोन उचलून वापीला बेड आहे का विचारायला लागल्या.

ऑपरेशन सोमवारी वापीला झालं. सात तास चाललं. पुढून एक पट्टी, मागून स्क्रू. मंगळवारी जागृतीनं सेंटरच्या मालकाला सगळं लिहून दिलं. कुणी मागितलं नव्हतं. तो वैतागला, "कागदावर कशाला पाहिजे होतं?" तिनं कागद परत घेतला नाही.

शनिवारी ती वापीला गेली. काकी वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. जागृती शेजारी बसली तशी उठून पाणी आणायला गेली. बाटली भरलेलीच होती.

काका उताणा, मानेला हनुवटीपर्यंत जाड पट्टा. पाय हलवून दाखवले त्यानं, पोरांना दाखवतात तसे, आधी एक, मग दुसरा. मग डावा हात.

"ओढता येतं," तो म्हणाला. त्यानं तिची ओढणी धरून खरंच ओढली. "रेटता येत नाय. डॉक्टर म्हणतो, व्यायाम करून येईल थोडं. सगळं नाय. सुकाण रेटायला लागतं गो. ओढून बोट वळत नाय."

"मेहुल हाय ना."

"मेहुल कंपनीत जातो. त्याला पाण्यात उलट्या होतात."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रेडिओवर गुजराती भजन ऐकत होता.

"आजा सांगून गेला," काका म्हणाला. "पोरीनं वाचवलं म्हणे. पाय दिला असता तर गेलो असतो. गावभर तेच चाललंय."

गावाला एवढंच ठाऊक होतं: फोटो चुकला होता आणि चूक तिला रविवारी सापडली. इथं गप्प बसलं असतं तर तेच खरं राहिलं असतं. काकाही तेच धरून बसला असता, जन्मभर. आणि चांगलं बोलला असता तिच्याबद्दल.

"काका, मला गुरुवारीच ठाऊक होतं."

"काय?"

"सातवा आला नाय ते. स्क्रीनवर दिसत होतं. मी मोजलं होतं."

काकाचे डोळे छतावरून तिच्याकडं वळले. मान नाही, फक्त डोळे.

"मंग?"

"तू ओरडलास. मी हात सोडले."

डावा हात चादरीवर होता. त्याची बोटं उघडत होती, मिटत होती, मधलं सोडून.

"दुखू द्यायचं होतंस," तो म्हणाला.



काकाला तोंड दुसरीकडं फिरवायचं होतं बहुतेक. पट्ट्यात ते जमणार नव्हतं. म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले. जागृती उठली नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, आया येऊन "चलो, चलो" करून गेली, काकी बाटली घेऊन दारात येऊन उभी राहिली, तरी ती तशीच स्टुलावर बसून होती. डोळे उघडून तो काय बोलेल, ते ऐकून घेतल्याशिवाय ती जाणार नव्हती.